निकस माथ्यावरचं वैभव

स्टायपरस्टोन्सच्या डोंगरधारेवर मान वर करून चालता येत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या हद्दीजवळ, श्रॉपशरमध्ये, ही धार सात-आठ किलोमीटर पसरली आहे. उंची म्हणाल तर जेमतेम. सगळ्यांत उंच जागा मॅनस्टोन रॉक, ती 536 मीटर. आपला सिंहगड तिच्या दुपटीहून उंच भरेल. पण सिंहगड सहज चढणाऱ्यालाही ही माथ्यावरची वाट दमवते. पांढुरक्या दगडांचा नुसता खच पडलेला. मुठीएवढे, डोक्याएवढे, मधूनच ट्रंकेएवढे, सगळे धारदार कडांचे आणि एकही नीट बसलेला नाही. त्यात सकाळचं दव. पाऊल बेसावध पडलं की घोटा मुरगळलाच. त्यामुळे चालायचं असेल तर खाली बघायचं आणि बघायचं असेल तर थांबायचं, असा इथला नियम. तो काही वाईट नाही. पश्चिमेला वेल्सचे डोंगर आणि पूर्वेला लाँग मिंडचं पठार छान दिसतं, पण या धारेचं खरं प्रकरण पायाशीच आहे.

हे दगड क्वार्टझाइटचे, म्हणजे गारगोटीच्या कुळातले. सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या काठाला साचलेली ही वाळू. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्याच्याच वयाचं आपल्याला कोण कौतुक. हा त्याच्या सातपट जुना. वाळूचे कण गारेनेच एकमेकांना सांधले गेले, पुढे भूगर्भातल्या रेट्याने थर कलून उभे होत आले. शेजारचे मऊ खडक झिजले, हा राहिला. मग हिमयुग आलं. शेवटच्या हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाने डोंगराला वेढा घातला, पण माथा बर्फाबाहेर उघडा राहिला. फटीत पाणी शिरायचं, गोठायचं, गोठताना फुगायचं आणि खडक तडकवायचं. वितळायचं, पुन्हा गोठायचं. हजारो वर्षं हेच. जे तडकलं ते उतारावर पसरलं, जे टिकलं ते धारेवर सुळके होऊन उभं राहिलं. क्रॅनबेरी रॉक, मॅनस्टोन रॉक, डेव्हिल्स चेअर ही त्यांचीच नावं. काही ठिकाणी या गोठण्या-वितळण्याने दगडांची निवडसुद्धा केली आहे. मोठे एका ओळीत, बारीक दुसऱ्या ओळीत. उतारावर पट्टे, सपाटीवर बहुकोन. हेदर नावाचं इथलं झुडूप आखूड असेल तिथे ते उघडे दिसतात आणि कुणी गवंड्याने मुद्दाम रचले असावेत अशी शंका येते.

गावकऱ्यांचं भूशास्त्र मात्र वेगळं. सैतान आयर्लंडहून ॲप्रनमध्ये दगड भरून निघाला होता. या माथ्यावर जरा टेकला, उठताना ॲप्रनची नाडी तुटली आणि दगड सांडले. डेव्हिल्स चेअर ही त्याची टेकायची जागा. धार ढगात गेली की स्वारी खुर्चीत बसली आहे असं समजायचं. बसण्यातही त्याचा हेतू आहे. हा डोंगर ज्या दिवशी जमिनीत खचेल त्या दिवशी इंग्लंड बुडेल, म्हणून तो अधूनमधून वजन टाकून बघतो म्हणे. आपल्याकडे असा कातळ असता तर तो पांडवांनी एका रात्रीत रचला असता.

या दगडाचा जमिनीला काडीचा उपयोग नाही. गार म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. झिजली तरी तिच्यातून चुना निघत नाही, पालाश नाही, स्फुरद नाही. वरून पाऊस, जे थोडंफार असतं तेही धुऊन नेतो. उरतो तो काळपट, आम्लधर्मी मातीचा पातळ थर. शेतकऱ्याने चिमूटभर हातात घ्यावी आणि टाकून द्यावी इतकी निकस माती. गहू तर सोडाच, चाऱ्याचं चांगलं गवतही तिच्यात जीव धरत नाही. आणि नेमक्या याच मातीवर ऑगस्टच्या मध्याला हेदर फुलतं आणि सगळा डोंगर जांभळा होतो.

लांबून तो रंग सरसकट दिसतो. जवळ गेल्यावर त्यात तीन झुडपं वेगळी काढता येतात. कोरड्या जागी, खडकांच्या कडेला बेल हेदर. ते आधी फुलतं, रंग गडद, फूल तोंडाशी आवळलेल्या घड्याच्या आकाराचं. ओलसर खोलगटात क्रॉस-लीव्ह्ड हीथ, फिकट गुलाबी, पानं चार-चार मिळून फुली झालेली. आणि या दोघांना पुरून उरणारं, डोंगरभर माजलेलं साधं हेदर, म्हणजे कॅल्युना. त्याची एक काडी बोटांत धरून बघितली. पान म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा खवला. असे खवले चार ओळींत, एकावर एक चढून, काडीला घट्ट चिकटलेले. बोचऱ्या वाऱ्यात पाणी उडून जाऊ नये म्हणून पानाने अंग चोरून घेतलेलं. फुलाचा जांभळा रंग पाकळ्यांचा असावा असं वाटतं, पण तो बाहेरच्या निदलांचा. खऱ्या पाकळ्या आत, त्याहून आखूड. निदलं गळून पडत नाहीत, झुडपावरच वाळतात. म्हणून भर हिवाळ्यातही गेल्या मोसमाची फुलं तपकिरी होऊन जागच्या जागी असतात.

मातीखाली आणखी एक व्यवहार चालतो. हेदरच्या केसाहून बारीक मुळांच्या पेशींत बुरशी राहते. कुजक्या पाल्यात अडकलेलं नत्र, जे इतर झाडांच्या मुळांना सहजी मिळत नाही, ते ही बुरशी सोडवून झाडाला देते आणि बदल्यात साखर घेते. जिथे बाकीचे उपाशी मरतात तिथे हेदर बहरतं, त्याचं निम्मं उत्तर या बुरशीत आहे.

मधमाश्यांची ही सुगी. मधपाळ या दिवसांत आपल्या पेट्या मुद्दाम हेदरच्या माळांवर नेऊन ठेवतात. हा मध पोळं यंत्रात नुसतं फिरवून नीट निघत नाही, कारण तो थिजलेला असतो. ढवळला की पातळ, ठेवला की पुन्हा घट्ट. चव दाट आणि किंचित कडवट. मला आवडली. माझी भाची बर्मिंगहॅमला नोकरी करते, ती सोबत होती. तिला नाही आवडली.

आम्ही बोलत असतानाच हेदरमधून एक तांबूस पक्षी फडफडत उठला आणि जमिनीलगत उडत ओरडत गेला. तो रेड ग्राउस. हेदरचे कोवळे कोंब हेच त्याचं मुख्य अन्न. त्याची हाक पक्ष्यांच्या पुस्तकांत ‘गो बॅक, गो बॅक’ अशी लिहितात, आणि कानांनाही ती तशीच लागते. 1928 साली मुंबईत सायमन साहेबांना जे ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांच्याच देशातल्या माळावर रोज सकाळी ऐकायला मिळतं. वसंतात येणाऱ्याला इथे एम्परर पतंगही दिसतो. चारी पंखांवर डोळा, नर भरदिवसा उडतो, अळी हेदरवर वाढते. आपल्या भंडारा-गडचिरोलीचा टसरचा किडा ज्या कुळातला त्याच कुळातला हा, आणि त्या कुळाचा ब्रिटनमधला एकटाच रहिवासी.

हेदरच्या मध्ये मध्ये बिलबेरीची ठेंगणी झुडपं असतात. इथली माणसं तिला विनबेरी म्हणतात. काळपट निळी, वाटाण्याएवढी फळं. खाल्ली की ओठ आणि बोटं जांभळी. डोंगराच्या पश्चिम अंगाला शिशाच्या खाणी होत्या, स्नेलबीचची त्यांतली मोठी. खाणकामगारांची घरं उतारावर, जवळ पडीक जमिनीचा तुकडा, एखादी गाय. रोजगार बेभरवशाचा आणि जिवावरचा. 1895 साली स्नेलबीचला खाणीत उतरणाऱ्या पाळण्याचा दोर तुटला आणि सात माणसं गेली. अशा घरांतल्या बायका-मुलांनी उन्हाळाभर या माथ्यावर वाकून वाकून विनबेऱ्या वेचायच्या, विकायच्या आणि त्या पैशांतून मुलांचे शाळेचे बूट घ्यायचे. आपल्याकडे घाटाच्या वळणावर पळसाच्या पानात करवंदं घेऊन उभी राहणारी पोरं असतात, तसंच हे. निकस जमिनीनेही काही घरांचं वर्ष काढून दिलेलं आहे.

मॅनस्टोनजवळ बसलो असताना भाचीने विचारलं, “मामा, एवढा मोठा डोंगर मोकळा पडलाय. हे लोक झाडं का नाही लावत?”

“लावली होती,” मी म्हटलं. “मग तोडली.”

तिला ते काही पटेना. आपल्या कुणालाच पटणार नाही. झाड लावणं हे पुण्य आणि तोडणं हे पाप, हे आपण शाळेत असल्यापासून घोकलं आहे. पण घडलं ते असंच. विसाव्या शतकात या धारेच्या काही भागांवर सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडी झाल्या. लाकूड मिळेल आणि रिकामी जागा कारणी लागेल, हा हिशेब. त्या दाट सावलीत हेदर गेलं, विनबेरी गेली, त्यांच्यावर जगणारे किडे आणि पक्षी गेले. माळाचे तुकडे पडले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस निसर्गरक्षण आणि वनखात्याच्या संस्थांनी मिळून उलटं काम हाती घेतलं. माथ्यावरच्या लागवडी टप्प्याटप्प्याने उतरवायच्या आणि हेदरचा पट्टा पुन्हा सलग करायचा. त्यांनी मोहिमेला नाव दिलं ते ‘पुन्हा जांभळ्याकडे’ अशा अर्थाचं. सूचिपर्णी निघाले तिथे बरंचसं काम मातीनेच केलं. हेदरचं बी जमिनीत दशकानुदशकं जिवंत राहतं. डोक्यावरची सावली गेली, ऊन पडलं, आणि इतकी वर्षं दडून राहिलेलं बी उगवलं.

याचा अर्थ हा माळ आपला आपण असाच राहतो असं मात्र नाही. ब्रिटनमधले हेदरचे बहुतेक माळ माणसाच्या हातचे आहेत. काही हजार वर्षांपूर्वी तिथली झाडं तोडली गेली, गुरंमेंढरं फिरली, आणि जमीन हेदरच्या ताब्यात गेली. हात आखडता घेतला की झाडं परत चढतात. हे कुणी आधी नीट पाहिलं असेल तर या डोंगरापासून वीसेक किलोमीटरवर, श्रूझबरीत 1809 साली जन्मलेल्या चार्ल्स डार्विनने. सरे परगण्यातल्या एका हेदरच्या माळावर त्याला दुरून एकही लहान पाइन दिसेना. मग त्याने हेदरच्या काड्या बाजूला करून पाहिलं. एका चौरस वाराच्या जागेत बत्तीस रोपटी निघाली, सगळी गुरांनी खुडलेली. त्यांतल्या एकाच्या बुंध्यात वयाची सव्वीस वलयं होती. सव्वीस वर्षं ते हेदरच्या वर डोकं काढायला धडपडत होतं आणि प्रत्येक वेळी एखादी गाय ते खाऊन जात होती. शेजारच्या कुंपण घातलेल्या भागात मात्र पाइनचं रान माजलं होतं. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये, 1859 साली, त्याने हे लिहून ठेवलं आहे. मला तर त्या ग्रंथातला हा सगळ्यांत लोभस शोध वाटतो. त्यासाठी गालापागोसला जावं लागलं नाही, फक्त वाकावं लागलं.

म्हणून स्टायपरस्टोन्सवर आजही गुरंमेंढरं चारतात, हिवाळ्यात हेदरचे लहान लहान तुकडे आळीपाळीने कापतात किंवा जाळतात. हेदर पंचवीस-तीस वर्षांचं झालं की मधून फाटतं, खोड उघडं पडतं. तरुण, मध्यम आणि जून अशी सगळ्या वयांची झुडपं शेजारी शेजारी असली तर ग्राउसला खायला कोवळं मिळतं आणि लपायला दाट. निव्वळ शिकारीसाठी ग्राउस वाढवायचे म्हणून उत्तरेकडे मैलोगणती माळ पेटवतात, खालच्या पीटलाही, म्हणजे कुजक्या वनस्पतींच्या थरालाही, त्याची झळ बसते, ते मला पटत नाही. पण थोडं जाळणं आणि फार जाळणं यांत फरक आहे, आणि तो फरक कळणारी माणसं या डोंगराला मिळाली आहेत.

धोका आता वेगळ्याच बाजूने येतो. मोटारींचा धूर आणि पशुपालनातला अमोनिया हवेतून नत्र घेऊन येतात आणि पावसाबरोबर डोंगरावर टाकतात. म्हणजे या उपाशी जमिनीला न मागता खत मिळतं. माती सुधारली की गवताला जोर येतो, आणि जोरात आलेलं गवत हेदरला दाबून टाकतं. नेदरलँड्समध्ये हे इतकं झालं की तिथे माळावरचा मातीचा वरचा थर खरवडून बाहेर नेतात, जमीन पुन्हा गरीब व्हावी म्हणून. पैसे खर्च करून जमीन निकस करायची, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगून बघा.

आणि तरी हे आपल्याला अगदीच परकं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंग्लंडात हेदर फुललेलं असतं तेव्हाच साताऱ्याजवळ कासचं पठार फुलतं. तिथे जांभ्याचा कातळ, त्यावर कुठे बोटभर माती, कुठे तीही नाही. खायला इतकं कमी की काही वनस्पतींनी किडे खायला सुरुवात केली. सीतेची आसवं ही त्यांतली, दवबिंदूही त्यांतलाच. दवबिंदूच्या, म्हणजे ड्रॉसेराच्या, प्रजाती ब्रिटनच्या ओल्या माळांवरही उगवतात आणि त्याच गरजेपोटी तिथेही किडेच खातात. फरक एवढाच की हेदरचा माळ माणसाने उघडा केला, कासचा कातळ मुळातच उघडा आहे. तिथेही फुलं वाचवायची म्हणून कुंपण घातलं, गुरं बंद केली. मग गुरांवाचून गवत माजतं आणि फुलं दबतात अशी ओरड अभ्यासकांकडून आणि गावांकडून सुरू झाली, आणि पुढे ते कुंपण काढावं लागलं. डार्विनची गाय साताऱ्यालाही भेटली म्हणायची.

कास सुदैवी. 2012 साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव लागलं, त्यामुळे तिथे कुणी कुदळ घेऊन जाणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळसडे, पुणे-सोलापूरकडची गवताची माळरानं यांचं तसं नाही. ती आठ महिने करपलेली दिसतात, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागतात, आणि जून-जुलै आला की वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला हमखास सापडतात. बाहेरची माती आणून, सुरुंगाने खड्डे काढून तिथे गिरिपुष्प नाही तर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावतात. रोपं मेली तर खर्च वाया जातो. जगली तर त्यांच्या सावलीत चंडोल, माळटिटवी आणि चार महिन्यांची फुलं जातात. स्टायपरस्टोन्सवर जे लावलं ते पुढच्याच पिढीला पदरमोड करून काढावं लागलं. आपल्याला ती पायरी वगळता येण्यासारखी आहे.

तेव्हा तुमच्या शाळेने, कचेरीने किंवा मंडळाने येत्या पावसाळ्यात एखाद्या उजाड सड्यावर झाडं लावायचं ठरवलं असेल, तर झाडं जरूर लावा. गावात लावा, रस्त्याच्या कडेला लावा, जिथे पूर्वी जंगल होतं आणि तुटलं तिथे लावा. सड्यावर मात्र आधी भाद्रपदात एकदा जाऊन या, आणि मग कुदळ उचलायची की नाही ते ठरवा.